चौरंगासाठी सँडर

“हे फार थरथरतंय,” वसुधाताई म्हणाल्या आणि मशीनवरचा हात त्यांनी काढून घेतला.

अनंतरावांनी कपाळाला हात लावायचाच काय तो बाकी ठेवला. टेबलावर ठेवून लाकूड घासायचं एक मशीन, बेंच सँडर, एवढंच त्यांना हवं होतं. तेही खिशाला परवडेल असं. घाटकोपरच्या या दुकानात तशी तीन होती. पण बायकोची तपासणी काही संपत नव्हती.

“काकी, छोटं मशीन आहे ना, थोडं हलणारच,” मालकाची मुलगी तेजल म्हणाली. “टेबलावर नट टाइट केले की नाय हलणार.”

“आणि धूळ? ती कुठे जाते?”

“मागे पिशवी लागते ना.”

“सगळी पिशवीत जाते?”

“सगळी तर नाय, काकी.”

“मग?” वसुधाताईंनी विचारलं. तेजल अनंतरावांकडे बघू लागली.

अनंतरावांनाही नवल वाटलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी मुलुंडच्या फ्लॅटच्या गॅलरीत वर्कशॉप थाटलं, तेव्हापासून भुसा पार वरणात पडला तरी या बाईने ब्र काढला नव्हता. आणि आज दुकानात उभं राहून धुळीची उलटतपासणी! हिला मशीन घ्यायचंच नाही, हे त्यांनी ओळखलं.

सोसायटीच्या गणपतीला चौरंग करायचाय, असं त्यांनी तिला सांगितलं होतं. ती शुद्ध थाप होती. त्यांना पाळणा करायचा होता.

त्यांची लेक अस्मिता पुढच्या आठवड्यात बाळंतपणाला माहेरी यायची होती. मागच्या खेपेस बातमी कळताच अनंतरावांनी सागवान आणलं आणि हौसेने पाळणा केला. ती माहेरी यायच्या आधीच तो हॉलमध्ये उभा होता. मग अवेळीच सगळं आटोपलं. हॉस्पिटलमधून घरी आल्यावर वसुधाताईंनी पाळण्याकडे बघितलं आणि दोनच शब्द बोलल्या, “घाई केलीत.” पाळणा एका अनाथालयात गेला. तेव्हापासून घरात बाळ हा शब्द कुणी काढत नव्हतं. या वेळी डोहाळजेवण झालं नाही. शेजारच्या वनमालाबाईंनी दुपटी शिवू का विचारलं, तर त्यांना चहासुद्धा न विचारता वाटेला लावलं गेलं.

अनंतरावांचा शकुन-अपशकुनावर विश्वास नव्हता, पण ते दोन शब्द त्यांना फार लागले होते. या वेळी बाळ सुखरूप हातात आल्याशिवाय लाकडाला करवत लावायची नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. पण बारसं बाराव्या दिवशी. तेवढ्यात कापणं-जोडणं उरकलं असतं, घासकाम नाही. मागच्या वेळी नुसतं पॉलिश पेपर मारण्यात महिना गेला होता. तान्ह्याच्या अंगाला लागणारं लाकूड, त्याला बारीकसं कुसळही राहून चालत नाही. विकतचा पाळणा कुठेही मिळाला असता, पण नातवंडाला आजोबाच्या हातचाच मिळावा, ही त्यांची हौस मरत नव्हती. म्हणून मशीन हवं होतं. आणि हे बायकोला सांगायची सोय नव्हती.

“दुसरं लाव बघू,” वसुधाताई म्हणाल्या.

दुसरं सुरू झालं आणि दुकानात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येईना. वसुधाताईंनी कानांवर हात ठेवले. “बंद कर गं बाई, बंद कर!”

तिसरं चांगलंच जड होतं आणि महागही. तेजलने बटण दाबलं.

“असं रिकामं नको. लाकूड लावून दाखव,” वसुधाताई म्हणाल्या. “थांब, मी आत जाते.” आणि त्या सरळ मागच्या गोदामात शिरल्या. दार लावून घेतलं. आतून ओरडल्या, “हं, आता लाव!”

तेजलने पट्ट्यावर फळीचा तुकडा टेकवला. घरघर झाली.

“अजून जोरात दाब!” आतून फर्मान आलं.

अनंतरावांना शरमल्यासारखं झालं. दुकानातली गिऱ्हाइकं हसत होती. नकोच म्हणायचं तर घरी म्हणायचं होतं, इथे येऊन हा तमाशा कशाला! त्यांनी तेजलला मशीन बंद करायला सांगितलं. “राहू दे, पोरी. तुला उगाच त्रास दिला.” वसुधाताई बाहेर आल्या तेव्हा ते पिशवी उचलून निघालेच होते. “चल घरी. तुला घ्यायचंच नव्हतं, तर सरळ सांगायचंस ना. मी घासेन हाताने. चौरंग काय, होईल जमेल तसा.” हाताने होणार नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं.

वसुधाताईंनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. तिसऱ्या मशीनवर हात ठेवून त्या तेजलला म्हणाल्या, “हे दे.”

“अगं, ते महाग आहे!”

“असू दे.”

तेजल प्रामाणिक पोरगी. ती म्हणाली, “काकी, चौरंगाला एवढं भारी मशीन कशाला? पहिलंवालं पण चालेल ना.”

“चौरंग कसला, पाळणा करायचाय ह्यांना. तोही बारा दिवसांत,” वसुधाताई म्हणाल्या. “आणि तेवढे दिवस भिंतीपलीकडे आमचं बाळ झोपलेलं असणार.”