एका पातेल्यातलं चीज

एका पातेल्यात बुडवून खाल्ल्याशिवाय हा देश एक होणार नाही, असं इंद्रभाननं जाहीर केलं तेव्हा पातेलं अजून शेगडीवरच होतं. देश अंगणात बसला होता, एकमेकांपासून हातभर अंतर राखून.

देश म्हणजे उत्तमराव पाटील, शेषराव मास्तर आणि रंगराव. रंगराव सोनाळ्याच्या गावकुसाबाहेर राहायचा. इंद्रभानचा लहानपणचा दोस्त. त्याला बोलवायला इंद्रभान स्वतः गेला होता.

"वर सरक ना, रंगा."

"इथंच बरा हाये इंदर," चटईच्या काठावरून रंगराव म्हणाला.

वऱ्हाडातला कापूस सुधारायचा म्हणून इंद्रभान टेक्सासला शिकायला गेला होता. आगबोटीनं परतला तो हा पदार्थ शिकून. मुंबईहून मागवलेलं डब्यातलं चीज त्यानं दुधात वितळवलं, वर कांदा आणि हिरव्या मिरच्या टाकल्या.

"अमेरिकेले जाऊन दूध नासवाले शिकला," आई सुभद्राबाई दारातून म्हणाली. मग हळूच, "रंगरावले द्रोणात देऊ का रे?"

"द्रोण नाही, माय. आज सारे याच्यातूनच खातीन. तिकडचे मेक्सिकन लोक असेच खातात."

"म्हणूनच त्यांचा मुलूख अमेरिकेनं घेतला असंन," उत्तमराव म्हणाले.

पातेलं मधोमध आलं. भाकरीचे कडक तुकडे आले. हात कोणाचाच पुढे आला नाही.

"रंगा, पहिला घास तुहा."

रंगराव हलला नाही. तेव्हा इंद्रभाननंच एक तुकडा बुडवला, चीजची तार बोटानं तोडली आणि त्याला दिला.

दिला म्हणजे, वरून सोडला. चांगला वीतभर उंचावरून. खाली रंगरावची ओंजळ आधीच धरलेली होती. तुकडा बरोबर मधे पडला. इतक्या पिढ्यांचा नेम, दोघांपैकी कोणाचाच चुकला नाही.

इंद्रभानचा हात तसाच हवेत राहिला. तो खाली कसा घ्यावा, हे त्याला सुचेना. शेषराव मास्तर तुळशीकडे बघू लागले.

"हां, जमलं की मग," उत्तमराव म्हणाले.

रंगराव मान खाली घालून सावकाश चावत होता.

"कसं झालं?" इंद्रभाननं पातेल्याला विचारलं.

"मीठ जास्त झालं, मालक," रंगराव म्हणाला.

मीठ खरंच जास्त झालं होतं.