आधाराची दांडी

जुन्या टाइल्स काढून मिस्त्रीने बाथरूमच्या भिंती ओळंब्यात आणल्या होत्या. शॉवरखाली उभं राहायचा ट्रेही कालच बसवला होता. नव्या टाइल्स लावण्याआधी आधाराच्या दांडीसाठी भिंतीत लाकडी पट्टी ठोकायची होती. “दांडीबिंडी नको!” निवृत्त मास्तर दारातूनच गरजले. “मी काय म्हातारा झालोय?” लेकीने कपाळाला हात लावला. “बाबा, गेल्याच महिन्यात पाय घसरून पडलात.” “पाय नाही, साबण घसरला.” मिस्त्री पट्टीचं माप घेत राहिला; स्वतःच्या वडिलांशी तो हाच वाद हरला होता. लेक चहा टाकायला गेली. मिस्त्री गुडघे टेकून ट्रेच्या कडेची फट भरू लागला. मास्तर ट्रेची परीक्षा घ्यायला आत उतरले आणि लटपटले. त्यांनी मिस्त्रीचा खांदा गच्च धरला. मिस्त्रीने मान वर केली नाही. “दांडी एवढ्याच उंचीवर बसव,” मास्तर हळूच म्हणाले. “आणि तिला सांग, ‘हट्ट मीच धरला.’”