पाळण्याची कडी

पुराचं पाणी ओसरलं आणि दुबईजवळच्या उम्म अल कुवैनमधल्या ताजबीच्या घरी विम्याचा सर्व्हेअर आला, तिच्या चिपळूणचाच पोरगा. "तळघर पॉलिसीत फक्त सामानाची खोली आहे, खाला. इथे कुणी कधी राहिलं नाही, एवढं लिहून द्या. क्लेम पास, खलास." ताजबीने फुगलेल्या भिंतीवरून हात फिरवला. पंधरा वर्षांपूर्वी मंदीत नवऱ्याची नोकरी गेली, तेव्हा वरचे मजले भाड्याने देऊन सगळे या तळघरात उतरले होते. इथेच अंगाई ऐकत धाकटी लेक सुमैय्या लहानाची मोठी झाली. "छतातली ही कडी सामान टांगायलाच ना?" त्याने पेन पुढे केलं. "पाळणा टांगायला. आम्ही सामान नव्हतो, बाबा." "मग एक दिरहमही मिळणार नाही." तिने 'राहती खोली' लिहून सही केली. "सुनेला सातवा महिना लागलाय," म्हणत ती स्टुलावर चढून कडीला लोंबकळली. कडी हलली नाही.