किल्लीतली लोकर

उत्खननात सापडलेल्या मध्ययुगीन किल्ल्या साफ करणं हे माझं काम. खोलीत मी एकटीच असते. दिवसभरात बोलणं होतं ते फोनवर, तेही सरांशीच.

आज सातशे वर्षांपूर्वीची एक लोखंडी किल्ली हाती आली. बोटभर लांब, दांडी नळीसारखी पोकळ. नळीत माती दगडासारखी घट्ट बसली होती. ती सुईने कणाकणाने कोरता कोरता दुपार झाली.

अगदी तळाशी लोकरीचा पुंजका निघाला, खिशात वागवलेल्या किल्लीत अडकतो तसा. निळा, आणि त्यात एक पिवळा धागा.

मी अंगावरच्या स्वेटरकडे पाहिलं. निळी लोकर कमी पडली म्हणून मावशीने खिशाला थोडी पिवळी मिसळली होती.

सरांना फोन लावला.

"अगं, तुझ्याच स्वेटरची असणार. चहा घे जरा."

"सर, पण ती मातीच्या खाली होती."

"मग दोन कप घे," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मावशी गेली तेव्हा मी पोहोचले नव्हते. तिने पाठवलेलं पार्सलही वर्षभर माळ्यावर तसंच पडून होतं. ते आज सकाळी फोडलं आणि हा स्वेटर पहिल्यांदाच घातला.

मी खिसा उलटा केला. आत गंजाचा जुना, तांबूस डाग होता. त्यावर किल्ली ठेवून पाहिली. दातांसकट जुळली.

किल्ली तशीच धरून मी खिसा हलकेच आत लोटला. आता ती बाहेर काढावीशी काही केल्या वाटेना.