मार्टिनची फाईल

कॉम्प्युटरच्या कर्नलमध्ये, म्हणजे अगदी गाभ्यात, शिरणाऱ्या प्रोग्रामची फाईल उघडून आत काय दडलंय ते दाखवणारी सॉफ्टवेअर लायब्ररी संघपालने लिहून इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली ठेवली होती. कोणी मार्टिन तिच्यातल्या चुका फुकटात दुरुस्त करून पाठवायचा. फुकटात कोण एवढं राबतं? संघपालला संशय आला. त्याने मार्टिनने दुरुस्तीसोबत नमुना म्हणून पाठवलेली प्रोग्रामची फाईल आपल्याच लायब्ररीने उघडली. ती ज्या लॅपटॉपवर बनली, त्याचं नाव आत निघालं. शकुंतला.

मूर्तिजापूरच्या शकुंतला रेल्वेगाडीसारखा रखडतो म्हणून त्यानेच ते नाव ठेवलं होतं, आणि मग तो लॅपटॉप बायकोला देऊन टाकला होता.

"करुणा, मार्टिन तू होय काय?"

"हो."

"मंग सोताच्या नावानं काहून नाई पाठवलं?"

"पयले सोताच्याच नावानं पाठवलं होतं. तुमी उघडूनबी नाई पायलं."