दोन वाजताचा आकडा

दोन वाजायला दहा मिनिटं असताना आई ओला रुमाल घेऊन गॅलरीत गेली आणि थर्मामीटरच्या खालच्या टोकाला तो गुंडाळून उभी राहिली. पारा उतरायला लागला. त्रेचाळीस, चाळीस, अडतीस, छत्तीस. आत दप्तराची चेन वाजली तसा तिने रुमाल सोडवून दोरीवरच्या कपड्यांत टाकला.

"बघू का गं आई?"

"बघ की. मला काय विचारतेस?"

मुलीने वाकून पाहिलं. "छत्तीस." वहीत लिहून ती आत आली, पंख्याखाली बसली. मग नेहमीसारखं तिच्या लक्षात आलं. "पेन्सिल तिकडेच राहिली."

"डोकं धडाला चिकटलेलं आहे म्हणून बरं. नाहीतर तेही रोज गॅलरीतच राहिलं असतं."

मुलगी हसत गेली आणि बऱ्याच वेळाने पेन्सिल घेऊन आली.

हे गणिताच्या बाईंनी दिलेलं काम. सातवीतल्या प्रत्येकाने साठ दिवस दुपारी दोनचं तापमान लिहायचं, सरासरी काढायची आणि त्याच दिवसांच्या मागच्या चाळीस वर्षांच्या आकड्यांशेजारी मांडायची. पहिल्याच आठवड्यात मुलीने आलेखावरची रेघ पुढे वाढवून पाहिली होती. "मी तुझ्याएवढी होईन तेव्हा ही कुठे जाते बघते." रेघ कागदाबाहेर गेली. तिने डिंकाने वर दुसरा कागद चिकटवला. त्या दिवशी तिने ताटातलं अर्धं तसंच ठेवलं. झोपेत ती कूस बदलत राहिली, आणि आई चार वेळा उठून तिच्या कपाळाला हात लावून आली.

दुसऱ्या दिवशी आईने रुमाल भिजवला.

आधी नुसतं टोक. ऊन चढलं तसा अख्खा रुमाल. गेल्या आठवड्यापासून फ्रिजमधलं पाणी. बाहेर काहीही असो, घरातला आकडा छत्तीसच्या वर गेला नाही. मुलगी नीट जेवायला लागली. रेघेबद्दल तिने पुन्हा विचारलं नाही. आईला आपण फसवतोय हे कळत होतं. पण एवढ्या उन्हाचं ती दुसरं करणार तरी काय होती?

बाबा एकदा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले होते, "तो थर्मामीटर एकदा तुलाच लावून बघायला हवा." ती हसली नव्हती.

पारा त्रेचाळीसवरून उतरवला त्याच संध्याकाळी शाळेतून फोन आला. वहीबद्दल बोलायचंय, एकट्याच या.

आईचा जीव टांगणीला लागला. सगळ्या वर्गाचे आकडे चाळिशीच्या पुढे आणि हिचेच तेवढे छत्तीस. बाईंना कळलं असणार. वर्गासमोर पोरीला लबाड म्हटलं तर? जिने आजवर कधी बेरीजसुद्धा शेजारच्याची बघून लिहिली नाही तिला?

दुसऱ्या दिवशी शाळेच्या जिन्यावरच तिने ठरवलं. बाई "बसा ना" म्हणाल्या, पण ती बसली नाही.

"तिचा काही दोष नाही. आकडे मी बिघडवले. ओलं फडकं लावायचे मी, तिच्या नकळत. घाबरते हो ती. काय शिक्षा द्यायची ती मला द्या."

बाईंनी टेबलावरची वही जवळ ओढली. मग म्हणाल्या, "तिचे आकडे चुकलेलेच नाहीत. अख्ख्या वर्गात सगळ्यात चोख वही तिची आहे."

"कसं शक्य आहे?"

"दोनचा आकडा ती तुम्हाला सांगते. मग थांबते, पारा चढून स्थिर झाला की परत बघते. तो मला देते."

पेन्सिल, आईला आठवलं. ती खुर्चीत बसली.

"मग मला बोलावलंत कशाला?"

"बाकीच्यांनी आलेखावर दोनच रेघा काढल्यात. मागची चाळीस वर्षं आणि यंदाचं तापमान. हिने तिसरी काढलीय, आणि तीच सगळ्यात वेगाने चढतेय. मला विचारत होती, बाई, ही खाली कशी आणायची? मला सांगता येईना."

बाईंनी वही उघडून तिच्यापुढे सरकवली. रोजचे दोन आकडे, शेजारी त्यांची वजाबाकी. ओल्या रुमालाच्या पहिल्या दिवशी दोन. मग तीन, साडेचार. काल सात. प्रत्येक पानावर त्या शेवटच्या रकान्याला पट्टीने चौकट आखली होती आणि वर मुलीच्या नेटक्या अक्षरात लिहिलं होतं: आईची भीती, अंशांमध्ये.