शिट्ट्यांची खोली

यंत्र चोख काम करत होतं, आणि मॅनेजर त्याच्याकडे न सांगता मुक्कामाला आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसा बघत होता.

कारखाना शिट्ट्यांचा. तयार झालेली प्रत्येक शिट्टी वाजवून पाहायची, मग उकळत्या पाण्यातून काढून डब्यात भरायची, हे काम या लांब टेबलावरच्या बायकांचं. ताप असो, माहेरचं लग्न असो, या खोलीत कधी खाडा म्हणून होत नसे. बायकांना दम लागतो, म्हणून मॅनेजरने मोठ्या मायेने हवेचं यंत्र आणवलं. आता फुंकायचं यंत्राने, बायकांनी नुसतं उचलून ठेवायचं. महिना उलटायच्या आत अर्धं टेबल रिकामं. कुणाचं डोकं धरे, कुणाची मावससासू आजारी पडे, आणि तीही पुन्हापुन्हा.

त्याने काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. पंखे लावले, टेकायच्या खुर्च्या आणल्या, भिंतीवर उत्तम कामगाराचा फोटो टांगला. उत्तम कामगार तो फोटो काढून घरी घेऊन गेली, ती परत आलीच नाही. दुपारी मालकांचा फोन यायचा होता. खोली चालत नसेल तर बंद करून टाका, असं ते आधीच बोलून बसले होते. मॅनेजरला खोली बंद पडायची धास्ती होतीच. पण कारण न कळता बंद पडेल, या विचाराने त्याची जेवणावरची वासनाही उडाली होती.

शेवटी तो टेबलाच्या टोकाशी जाऊन बसला. तिथे बसणाऱ्या बाईला सगळे तुतारी म्हणत. तिने एकदा खिडकीतून शिट्टी वाजवली तेव्हा रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या होत्या, त्यातली एक तर अजून तिथेच आहे म्हणतात.

"खरं सांगा बाई, काम हलकं झालं ना?"

"झालं की."

"मग?"

"मग काय साहेब, आता नुसतं कामच उरलं."

हळूहळू उलगडा झाला. आधीच्या साहेबांनी या खोलीत बोलायला बंदी केली होती. तोंडातून निघाली तर फक्त शिट्टी निघाली पाहिजे. बायकांनी हुकूम तंतोतंत पाळला आणि शिट्टीतच बोलू लागल्या. लांब, आखूड, कापरी, मध्येच गिळलेली. या टेबलावर लग्नं जमली, एक मोडलंही. एकीने तर झोपेत ओठांनी शिट्टी घालून नवऱ्याचा उद्धार केला. तो बिचारा उठून गॅस बंद करून आला.

"पण बंदी मी आल्याआल्या उठवली."

"उठवलीत ना. त्या दोघींना विचारा त्याचा काय उपयोग झाला." तुतारीने हनुवटी हलवली. समोरासमोर बसलेल्या दोघी माना खाली घालून शिट्ट्या रचत होत्या. "सख्ख्या जावा. एका घरात राहतात, पण भांडण झाल्यापासून तोंडाने एक अक्षर नाही. जे काय बोलायचं ते इथे, शिट्टीवर. तुमचं यंत्र आलं त्या दिवशी थोरलीने विचारलं होतं, उद्या दवाखान्यात माझी तपासणी आहे, बरोबर येशील का."

"आणि धाकटी?"

"तिने शिट्टी ओठाला लावली होती. तेवढ्यात तुम्ही यंत्राचं बटण दाबलंत."

"गेली का थोरली तपासणीला?"

"नाही अजून. रोज पुढे ढकलते. आम्ही ज्या येतोय त्या धाकटीचं उत्तर ऐकायलाच येतोय. बाकीच्या कंटाळल्या."

मॅनेजर उठला. बटण बंद केलं. खोली इतकी गप्प झाली की पंखेसुद्धा चोरट्यासारखे फिरू लागले. त्याने दोन नव्या शिट्ट्या घेतल्या आणि एकेक दोघींपुढे ठेवली.

मग थोरलीने शिट्टी उचलली. एक लांब, शेवटी जराशी चढलेली शीळ टेबलावरून पलीकडे गेली. "तोच प्रश्न," तुतारी कुजबुजली.

खिशातला फोन वाजला.

"सापडलं का कारण?" मालक म्हणाले.

"सापडतंय साहेब. जरा धरा."

"धरा काय? चालू ठेवायची का बंद करायची, तेवढं सांगा."

"साहेब, हळू." मॅनेजरने फोनवर हाताचा आडोसा धरला. "थोरलीने धाकटीला विचारलंय, तपासणीला बरोबर येशील का. घरात बोलत नाहीत दोघी, इथे शिट्टीवरच बोलतात. धाकटीने अजून शिट्टी उचललेली नाही."

तिकडे खुर्ची करकरली. मालक फोनवर बोलताना श्वास घ्यायलाही थांबत नसत, असा त्यांचा लौकिक. आता मात्र फोनमधून नुसता श्वासच ऐकू येत होता.

मग ते अगदी दबक्या आवाजात म्हणाले, "उचलली का तिने?"